उमापूरहून हाराजुकूच्या पुलापर्यंत

श्रावणात एका संध्याकाळी सुभद्रा आणि मी दुकानात लुगड्यांच्या घड्या घालत होतो. दिवसभर बाया येऊन गेल्या होत्या. वीस लुगडी उलगडायला लावायची आणि एक घ्यायचं, ही आमच्याकडच्या गिऱ्हाइकाची रीत. मग उलगडलेलं सगळं परत घडीत बसवावं लागतं. नऊ वार कापड एकट्याच्या हातानं नीट घडीत बसत नाही. एकानं पदराचं टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं. ताणायचं, झटकायचं, मग एकानं चालत येऊन टोकाला टोक लावायचं. चालत यायची ती. मी गादीजवळ उभा राहायचो. चाळीस वर्षं असंच चाललं होतं.

त्या संध्याकाळी माझा हात ढिला पडला तर ती म्हणाली, "ताणून धरा की. हातात जीव न्हाई का?"

"मग तूच धर की दोन्ही टोकं."

"धरलीच हायेत आजवर," ती म्हणाली, आणि टोक घेऊन चालत आली.

सहा-सात लुगडी झाली. तिनं भाकरी टाकली, आम्ही जेवलो, झोपलो. पहाटे उठवायला गेलो तर ती उठली नाही.

मी तिचं नाव जन्मात कधी तोंडानं घेतलं नाही. आता लिहितो आहे, कारण वहीत 'ती' 'ती' लिहिलं तर वाचणाऱ्याला कळणार नाही.

मी उमापूरचा कापड दुकानदार. शिकलो चौथीपर्यंत. जपानला जाऊन आलो तेव्हापासून गावात ज्याला त्याला विचारायचं असतं, "अप्पा, काय बघितलं तिथं?" मी म्हणतो, "थंडी." शेजारच्या मास्तरांनी शेवटी ही वही आणून हातात दिली. म्हणाले, आपल्यातलं कुणी गेलं नाही तिकडं, लिहून ठेवा. तर लिहितो. जसं झालं तसं लिहितो, गोड करून लिहायला मला येत नाही.

जाणं कसं झालं

आमचा एकच मुलगा, वैजनाथ. वैजू. पुण्यात कॉम्प्युटर शिकला आणि कंपनीनं त्याला टोकियोला धाडला. आमच्या दुकानाच्या पाटीखाली एसटीडीचा डबा बसला त्याच साली तो गेला. रेडीमेडच्या शर्टांनी माझं निम्मं गिऱ्हाईक नेलं आणि कॉम्प्युटरनं मुलगा नेला, असं मी सुभद्रेला म्हणायचो. ती म्हणायची, "मुलगा ऱ्हातोय तिथं जाऊन बघून येऊ. तिथल्या बाया काय नेसतात ते बघायचं हाय मला." वैजूनं आदल्या साली आम्हा दोघांचे पासपोर्ट करून ठेवले होते. फोटो काढताना फोटोवाल्यानं तिला डोईवरचा पदर कानामागं घ्यायला लावला, तर ती दोन दिवस घुश्शात होती.

मग ती गेली, आणि तीन महिन्यांनी माझ्या एकट्याचं तिकीट आलं.

इथं एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वैजूला आईचं तोंड बघायला मिळालं नाही. ते का मिळालं नाही हे मला माहीत होतं, त्याला माहीत नव्हतं. ते त्याला तोंडावर सांगायचं म्हणून मी गेलो होतो. फिरायला गेलो नव्हतो.

बॅगेत ज्वारीचं पीठ घेतलं, शेंगदाण्याची चटणी, पूजेचं सामान. सुभद्रेची लुगडी रीतीप्रमाणे तिच्या बहिणींना, नात्यातल्या बायांना वाटून झाली होती. एक तेवढं मी दिलं नव्हतं. रोजचं, सुती, हिरवं, लाल काठाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. तेही बॅगेच्या तळाशी घातलं. कशाला, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

वैजूची खोली

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. बसलो, उतरलो, परत बसलो.

वैजूची खोली आमच्या दुकानाच्या गादीपेक्षा थोडी मोठी. खाली गवताच्या चटया, आणि त्यांना कडब्याच्या गंजीसारखा वास. तो वास आल्यावर मला जरा बरं वाटलं. दारात जोडे काढायचे, हेही आपल्यासारखंच. मुंबईच्या बंगल्यात लोक बुटासकट घरात हिंडतात असं मी ऐकून होतो, जपान्याला तेवढी अक्कल आहे.

बाकी सगळं गप्प. रेल्वेचा डबा गच्च भरलेला, आणि माणसं मयताला आल्यासारखी खाली माना घालून उभी. आमच्या बीडच्या गाडीत कोंबडी, पोरं, कंडक्टर सगळे एकदम बोलतात. मी वैजूला मोठ्यानं विचारलं, "कुणी गेलं काय रे?" अख्ख्या डब्यानं वर बघितलं. वैजू कानात म्हणाला, "अप्पा, हळू." मग मीही खाली मान घातली. पुढे आठ दिवस मला न बोलायला तेवढी सबब पुरली.

खाण्याचे हाल. आम्ही लिंगायत वाणी, गळ्यात लिंग, माशाचं नाव चालत नाही. तिथं साध्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या आमटीतही मासा असतो. दुसऱ्या दिवशी वैजू कामाला गेल्यावर मी भाकरी करायला बसलो. सुभद्रा गेल्यावर शिकलोय, पण माझी भाकरी काठाला चिरते. थापायला लागलो तर थोड्या वेळानं दार वाजलं. खालच्या मजल्यावरची म्हातारी. माझ्याच वयाची, पाठीत वाकलेली. डोक्यावर काय आपटतंय ते बघायला आली असणार. तिला माझे पिठानं भरलेले हात दिसले आणि परातीतली फुटकी भाकरी दिसली. तिनं तोंडावर हात धरला, कमरेत वाकली आणि निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली. आत चार फळं, केशरी, मुठीएवढी. खाल्ल्यावर ओळखलं. आपल्याकडच्या टेंभुर्णीचंच फळ ते, फक्त चांगलं खाऊन-पिऊन वाढलेलं.

वैजूला सांगितलं तर तो हसला. मग एकदम हसायचा थांबला. आईला सांगायसारखी गोष्ट होती. दोघांनाही तेच आठवलं आणि दोघांनीही ताटात बघितलं.

रोज असंच व्हायचं. तो यायचा, "जेवलात का?" मी, "हो." "थंडी वाजते का?" "न्हाई." सांगायचं ते घशापर्यंत यायचं आणि मी पाणी पिऊन टाकायचो.

रविवार, पुलावर

रविवारी वैजू म्हणाला, "चला, एक मोठं देऊळ दाखवतो, गच्च झाडीतलं." मी धोतर नेसलो, कोट घातला, डोक्याला गुलाबी पटका बांधला. हाराजुकू म्हणून स्टेशन आहे, तिथं उतरलो. स्टेशनातून देवळाकडं जायला रुळांवरून एक रुंद पूल. त्या पुलावर मी उभाच राहिलो.

शंभर-दीडशे पोरं-पोरी. कुणाचे केस निळे, कुणाचे पांढरे. एकाच्या पाठीला पंख. एकजण पुठ्ठ्याचं चिलखत घालून, हातात माणसाएवढी तलवार. एक पोरगी डोळ्याला पट्टी आणि हाताला बँडेज बांधलेली. मला वाटलं अपघात झाला.

"हे काय रे? जत्रा हाय का?"

"नाही अप्पा. चित्रांची पुस्तकं असतात, टीव्हीवर गोष्टी असतात. त्यातली पात्रं होतात ही मुलं. दर रविवारी इथं येतात."

"बहुरूपी."

"तसंच म्हणा."

आमच्या दुकानासमोर बहुरूपी यायचा. पोलीस होऊन यायचा, मला अटक करायचा, सुभद्रा पदरात तोंड लपवून हसायची आणि त्याला सुपात ज्वारी घालायची. पण त्याचं ते पोट होतं. इथं कुणी काही मागत नव्हतं. यायचं, उभं राहायचं, संध्याकाळी कपडे बदलून घरी जायचं. वैजू म्हणाला, सोमवारी हीच मुलं शाळेत, दुकानात खाली मान घालून असतात.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली, ती ऐकून मी गारच झालो. यातले बरेच कपडे त्यांनी घरी हातानं शिवलेले. ज्या देशात सुईपासून मोटारीपर्यंत सगळं तयार मिळतं, तिथली पोरं रात्रंदिवस शिवत बसतात! मी मग जवळ जाऊन टाके बघायला लागलो. चिलखतवाल्याची शिलाई वाकडी होती. पंखवालीची अस्तराची बैठक बीडच्या एखाद्या टेलर-मास्टरनं शिकावी अशी. सुभद्रा असती तर तिनं एकेकीला फिरवून पाठ बघितली असती.

फोटो काढणारे पुष्कळ, पण प्रत्येक जण आधी वाकून विचारायचा, मग काढायचा. हात लावायचं तर नावच नाही. तलवारवाला पोरगा माझ्याकडं आला, वाकला, वैजूला काही बोलला. वैजूचे कान लाल झाले.

"काय म्हणतंय ते?"

"विचारतोय, आजोबा कुठल्या गोष्टीतले?"

"म्हनावं उमापूरच्या कापड दुकानातले. आन् म्हनावं, काखेतला टाका उसवलाय तुझा."

वैजूनं सांगितलं की नाही देव जाणे. पोरानं माझा फोटो काढला. मी हसलो नाही.

पुढे कठड्यापाशी तीन पोरी होत्या. दोघी गुडघ्यावर बसून तिसरीला सजवत होत्या. तिसरी कठड्याला पाठ टेकून खाली बसलेली, मांडी घालून. काळा झगा, तोंड पांढरंफेक रंगवलेलं. हात मांडीवर, एक तळवा वर. डोळे मिटलेले, कारण पापणीवर रंग लावणं चाललं होतं. डोक्याला झालरीची पट्टी होती. एकीनं त्या पट्टीच्या फिती खाली घेतल्या आणि तिच्या हनुवटीखाली गाठ मारली.

वाचणाऱ्यांतल्या ज्यांना आमची रीत माहीत नसेल त्यांना सांगतो. आम्ही जाळत नाही. माती देतो, आणि बसवून देतो. आंघोळ घालून, तोंडाला भस्म लावून, नवं लुगडं नेसवून भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात. जबडा पडू नये म्हणून हनुवटीखालून पट्टी बांधतात. डाव्या तळहातावर लिंग ठेवतात. हार घालतात. मग माणूस पूजेला बसल्यासारखं दिसतं.

पट्टीचं कापड मीच दिलं होतं, दुकानातून. गजानं न मोजता टर्रकन फाडून दिलं. लुगडंही मीच दिलं, घडीतलं कोरं. ते न धुता नेसवलं. खळ तशीच होती, ते अंगाला लागेना, कागदासारखं उभं राहिलं. तिनं जन्मात नवं कापड एकदा पाण्यातून काढल्याशिवाय अंगाला लावलं नव्हतं. मी जवळ गेलो होतो, काठ चिमटीत धरून चोळून बघितला होता. खळ होती.

पुलावर माझा हात तसाच पुढे गेला. विचारून गेला नाही. कापडवाल्याची ही चाळीस वर्षांची खोड आहे, लग्नात नवरीचा शालूसुद्धा मी चिमटीत धरलेला आहे. मी वाकलो आणि त्या पोरीच्या झग्याची कड धरून अंगठ्यानं चोळली. सुती होती. धुतलेली, मऊ.

आणि तिनं डोळे उघडले.

नुसते उघडले नाहीत, ती उठून उभी राहिली.

मी तिथं पुलावरच बसलो. पटका सुटला. त्या दोघी पोरी ओरडल्या, वैजू धावत आला आणि कमरेत वाकून वाकून त्यांची माफी मागायला लागला. मग माझ्याकडं वळला. "अप्पा, काय करताय! हात नाही लावायचा कुणाला! पोलीस बोलावतील!"

"वैजू," मी म्हणालो, "तुझी आई अशी बसवली होती."

"काय?"

"अशीच. भिताडाला टेकून. हनुवटीखाली पट्टी. तोंडाला भस्म."

तो चांगल्या पँटवर तसाच माझ्याशेजारी खाली बसला. आमच्या दोन्ही बाजूंनी ते निळे-पांढरे केस, पंख, तलवारी चालले होते.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तू इचारलं न्हाईस."

"कसं विचारणार होतो?"

"मग आता इचार."

त्यानं खाली बघत विचारलं, "लुगडं कोणतं होतं?"

कापडवाल्याचा पोरगा. मी सांगितलं. हिरवं, कोरं, खळ न काढलेलं. हार झेंडूचा. एक पाय नीट मांडीत बसत नव्हता, तो तिच्या बहिणीनं बसवला. तोंड कसं होतं, तर दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती बसल्या बसल्या डुलकी घ्यायची, तसं. सगळं सांगितलं. तो ऐकत होता. आणि मग मी ते सांगितलं.

"सकाळी कळवल्यावर तू परत फोन केलास, मी म्हनलो माती झाली. तवा झाली न्हवती."

मी सुटलेला पटका गोळा करून मांडीवर घेतला.

"घरात बसलेली होती. मठाचे स्वामी म्हनत होते, पोराला येऊ द्या. गेवराईहून बर्फ आनायला मानूस निघालं होतं. मी फोनवर तुला खोटं बोललो आन् घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, पोराला सुटी न्हाई. दिवस मावळताना नेली."

"मी विमानतळावरून फोन केला होता, अप्पा," वैजू म्हणाला. "बॅग हातात होती. तुम्ही झालं म्हणालात म्हणून तिथं खुर्चीवर बसून राहिलो. मग खोलीवर गेलो."

हे मला माहीत नव्हतं. तीन महिने त्यानं मला सांगितलं नव्हतं.

"कावून केलं असं?" त्यानं विचारलं. पुण्याला गेल्यापासून तो असं आमच्यासारखं बोलला नव्हता.

"बसलेलं मानूस उठंल असं वाटतंय. मी दारात जायचो, बघायचो. बाहेर यायचो, परत जायचो. ती आता उठंल आन् म्हनंल, हे काय हारतुरे मांडलेत. दोन दिवस तसं बघायचं माझ्याच्यानं होत न्हवतं. मला बघवंना, म्हनून तुलाबी बघू दिलं न्हाई. एवढंच हाय."

तो उठला आणि कठड्याकडं गेला. खालून रेल्वेगाड्या जात होत्या. तो त्यांच्याकडं बघत पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं आता हा माझ्याशी बोलायचा नाही, आणि न बोलला तर ते बरोबरच आहे.

तेवढ्यात ती काळ्या झग्यातली पोरगी माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. जवळून बघितलं तर सोळा-सतरा वर्षांची, पांढऱ्या रंगाखाली गालावर पुटकुळ्या. तिनं वैजूला हाक मारली, काही विचारलं. तो आला आणि तिला दोन-तीन शब्दांत काही म्हणाला. तिनं मान हलवली. मग झग्याची कड दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढं केली.

"बघा म्हणते," वैजू म्हणाला. "तिच्या आईच्या जुन्या कपड्यातून कापून शिवलंय म्हणते. दोघींनी मिळून. आईला ठाऊक आहे ती इथं येते. बापाला नाही."

मी कड चिमटीत धरली. चोळली. चांगलं कापड होतं. वैजूला म्हणालो, "म्हनावं, चांगलं कापड हाय." त्यानं सांगितलं. तिनं तोंडावर हात धरला, खालच्या मजल्यावरच्या म्हातारीसारखाच, आणि आपल्या मैत्रिणींकडं गेली.

देऊळ राहिलंच. आम्ही परत गाडीत बसलो. सगळे गप्प होते, आम्हीही. घरी आल्यावर वैजूनं भात टाकला. मी पूजेला बसलो तर त्यानं दिवा माझ्याजवळ आणून ठेवला. रागावला आहे की कसं, मला कळलं नाही, आणि अजूनही पुरतं कळलेलं नाही. विचारलं नाही.

सोमवार सकाळ

सकाळी वैजू कामाला निघायच्या तयारीत होता. पांढरा शर्ट, गळ्यात टाय. मी बॅगेच्या तळातून लुगडं काढलं.

त्यानं लगेच ओळखलं. "हे आईचं."

"रोजचं हाय. धर एक टोक."

त्याच्या हातात पदराकडचं टोक दिलं. खोली नऊ वार नव्हती. तो मागं मागं सरकत दारात गेला, दारातून बाहेर व्हरांड्यात, टाय लावून, पायात नुसते मोजे. खालची म्हातारी जिन्यात कचऱ्याची पिशवी घेऊन उभी होती. ती तिथंच थांबली.

"ताणून धर की," मी म्हणालो.

त्यानं ताणलं.

"आता ये चालत."

तो आला. टोकाला टोक लागलं. मग मी त्याला मधली मोड उचलायला लावली, त्याच्या स्वैपाकाच्या कातरीनं एका काठाला चीर दिली, आणि दोघांनी धरून फाडलं. दुसरा काठ परत कातरीनं कापावा लागला. काठ फाटत नसतो.

पदराचं अर्धं मी त्याला दिलं.

"पदर तुमच्याकडं राहू द्या, अप्पा," तो म्हणाला.

"न्हाई. पदर तू ठेव. तोंड पदरात असतंय."

त्यानं ते घेतलं, पण घडी घातली नाही. टायवरून छातीशी धरून तो व्हरांड्याकडं तोंड करून उभा राहिला, आणि त्याच्या कामाच्या गाडीची वेळ गेली तरी उभाच होता.

माझ्या अर्ध्याची मी घडी घातली. साडेचार वार एकट्याला जमतं.